शिवकन्येला न सांगितलेली गोष्ट

सोलापूरकडून येणारी एसटी चौसाळ्याला जिथे थांबते, त्याच्या समोरच केदारनाथचं किराणा दुकान आहे. केदारनाथ माझा चुलतभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. पाटीवर नाव त्याचं असलं तरी गावात कुणालाही विचारा, ते शिवकन्येचं दुकान. शिवकन्या त्याची बायको, धारूरच्या बसप्पा पानवाल्यांची थोरली मुलगी. १९७८ साली लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि सातवी पास होती. केदारनाथ स्वभावाने भिडस्त. गिऱ्हाईक दोनदा बोललं की तो मान खाली घालायचा. त्यामुळे वर्षभरातच सासूने, म्हणजे आमच्या नीलम्माकाकूंनी, सुनेला गल्ल्यामागे बसवलं आणि ती तिथेच रुजली.

१९९२ साली दुकानाच्या एका कोपऱ्यात लाकडी खोका उभा राहिला, त्याला काच लागली आणि वर एसटीडीची पिवळी पाटी आली. फोन गावात तोपर्यंत तीन-चारच होते. ऊसतोडीला गेलेल्यांची माणसं, दवाखान्यात माणूस असलेले, पोरगी बाळंतपणाला आलेली, सगळे शिवकन्येच्या खोक्यात यायचे. काच असून उपयोग नव्हता, कारण आपल्याकडे फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायचं.

“हळू बोल की, बिभीषण,” ती म्हणायची. “असं वरडून ऐकू जात असलं तर फोन कशाला पायजे? वेशीत हुभं राहा आन बोल कोल्हापूरला.”

फोनला नेहमी येणारा बिभीषण हसायचा. “वहिनी, पैसे मी दिले ना? मग आवाज माझ्या मर्जीनं काढणार.”

पण तिला लोकांच्या आवाजातलं कळायचं. पलीकडचा माणूस काय म्हणतो ते ऐकू येत नसूनही ती अलीकडच्याच्या तोंडाकडे बघून सांगायची, “ह्याला खरं सांगितलं न्हाई बरं का कुणी.” आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. तिच्या ह्या गुणाचं आम्हाला कौतुक होतं. पुढे आम्ही तिच्याशी जे वागलो, ते वागताना मात्र हा गुण आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात राहिला नाही.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग आमच्याकडे अंगावेगळं करत नाहीत. शिवकन्येचं लिंग चांदीच्या जड करडगीत, म्हणजे डबीत असायचं आणि डबी दोऱ्याने गळ्यात. सकाळी आंघोळ, मग लिंगपूजा आणि पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा नाही. हे ती माहेराहून घेऊन आली होती आणि नीलम्माकाकूंपेक्षा कडक पाळायची. १९९७ च्या उन्हाळ्यात कुठल्याशा जत्रेतून तिने सुती दोऱ्याऐवजी नायलॉनचा चकचकीत दोरा आणला. टिकतो म्हणून. घाम, उन्हाळा आणि त्या दोऱ्याचं घासणं, महिन्याभरात मानेला जखम झाली. जखम चिघळली आणि मानेच्या बाजूला एक अवधाण, म्हणजे जखमेपायी येते तशी गाठ, आलं. हात लावला की ठणकायचं.

गावात डॉक्टर होते, पण केदारनाथ तिला बीडला घेऊन आला, कारण मी बीडला नोकरीला होतो आणि आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्याच साली सोनोग्राफीचं नवं मशीन घेतलं होतं. अवधाण पाहून ते म्हणाले, “औषध देतो, आठ दिवसांत जाईल. पण आलाच आहात तर एकदा मशीनखाली बघू.” दोन मिनिटांचं काम. अवधाण साधंच निघालं आणि खरंच आठ दिवसांत गेलं. मात्र मशीन सरकवताना गळ्याच्या पुढच्या भागात, थायरॉइडच्या ग्रंथीत, त्यांना एक बारीक गाठ दिसली. बाहेरून ती ना दिसत होती, ना हाताला लागत होती. सुईने तपासणी झाली. नमुना सोलापूरला गेला.

मी ह्या गोष्टीचा नंतर पुष्कळ विचार केला आहे. दुकानासमोर एसटी थांबत नसती, बीडला मी नसतो, मशीन पुढच्या वर्षी आलं असतं, दोरा सुतीच राहिला असता, तर ती गाठ कुणालाही कळली नसती. दुकानात छबुबाई नावाची ऊसतोड करणारी बाई यायची. तिच्या गळ्याला तर लिंबाएवढा गोळा उघड दिसत होता. शिवकन्या तिला म्हणायची, “छबुबाई, दाखव की कुणाला तरी.” ती म्हणायची, “दाखवून काय करू, बाई? कोयता त्यो धरनार हाय का माझा?” तिच्या गळ्याकडे कुठलंही मशीन कधी फिरकलं नाही. छबुबाई अजून आहे आणि गोळाही आहे.

तपासणीचा कागद माझ्या पत्त्यावर आला, कारण घरात इंग्रजी वाचणारा मीच. त्यात कॅन्सर लिहिलं होतं. मी तो ऑफिसात वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि दुपारच्या एसटीने चौसाळ्याला गेलो. केदारनाथला मागच्या गोदामात नेऊन सांगितलं. तो साखरेच्या पोत्यावर बसला.

मग म्हणाला, “अण्णा, तिला नका सांगू. हाय खाऊन मरंल ती.”

नीलम्माकाकू दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, “आन ईश्वरीचं काय? आईला कॅन्सर हाय म्हटल्यावर त्या पोरीला कोण करून घेईल? हे ह्या उंबऱ्याच्या भायेर जाता कामा न्हाई.”

ईश्वरी त्यांची एकुलती मुलगी, बारावी झालेली. सोलापूरच्या एका कापडवाल्या घरी तिची बोलणी चालू होती. तेव्हा त्या दोघांचंही म्हणणं मला पटलं. घराण्यात शिकलेला मी, शब्द माझा चालायचा. मी म्हणालो, “साधी गाठ आहे, वाढायच्या आत काढायची, एवढंच सांगू.”

जूनमध्ये सोलापूरच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. पूर्ण ग्रंथी काढली. लिंग गळ्यातून उतरवायला ती तयार नव्हती. शेवटी नर्सने ते तिच्या दंडाला बांधू दिलं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि केदारनाथला समोर बसवून सगळं समजावलं. केदारनाथच्या कानात ‘कॅन्सर’ ह्या शब्दापुढचं काही शिरत नव्हतं, ते मला दिसत होतं. मी मात्र सगळं ऐकलं. आता शरीरात ती ग्रंथी नाही, तिचं काम गोळी करणार, रोज सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. डिस्चार्ज कार्डावरही हे सगळं होतं.

कार्डावर कॅन्सरचं नाव होतं म्हणून ते मी चौसाळ्याला ठेवू दिलं नाही. बीडला आणून माझ्या कपाटातल्या फायलीत लावलं. शिवकन्येसाठी मी एक वेगळी चिठ्ठी मराठीत लिहिली. गोळीचं नाव, रोज एक, सकाळी उपाशीपोटी. ‘जन्मभर’ हा शब्द लिहिला नाही. साध्या गाठीला जन्मभर गोळी कशाला, असं तिने विचारलं असतं आणि ती विचारणारी बाई होती. केदारनाथला तोंडी सांगू, असं मी ठरवलं. सांगितल्यासारखंही आठवतं. पण ज्या दिवसांत तो पोत्याला पाठ लावून नुसता बसून असायचा, त्या दिवसांत सांगितलेलं मोजावं का, हे मला ठरवता आलेलं नाही.

उपाशीपोटी गोळी म्हणजे लिंगपूजेच्या आधी गोळी. ती म्हणाली, “पूजेआधी मी पानी पीत न्हाई, गोळी कुठून खाऊ?” कुणी तिला समजावलं नाही, कारण समजवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ती पूजेनंतर चहाबरोबर घ्यायची, कधी विसरायची. बाटली संपत आली तेव्हा तिने केदारनाथला विचारलं, “अजून किती दिवस खायाच्या ह्या?”

“आसतील महिना दोन महिने,” केदारनाथ म्हणाला.

“मग झाले की. गाठ गेली, जखम भरली.” आणि बाटली तिने परत आणवली नाही. तो जुलै महिना होता.

सप्टेंबरमध्ये सोलापूरला दाखवायचं होतं. पण त्याच महिन्यात मुलाकडची माणसं ईश्वरीला बघून गेली. मुलाचा मामा त्याच दवाखान्याच्या गल्लीत राहतो, हे तेव्हा कळलं. नीलम्माकाकू म्हणाल्या, “आता तिकडं पाऊल टाकायचं न्हाई. साखरपुडा होऊ द्या.” मीही म्हणालो, एक-दोन महिन्यांनी काय बिघडतं.

दिवाळीला मी गेलो तेव्हा शिवकन्या खोक्याशेजारी स्टुलावर बसली होती, दिवाळीतच शाल पांघरून. चेहरा सुजलेला, डोळ्यांच्या पापण्या जड, कातडी कोरडी पडलेली.

“या भावजी,” ती म्हणाली. आवाज घोगरा आणि इतका संथ की मला पुढच्या शब्दाची वाट बघावी लागली.

बिभीषण फोन करायला आलेला. तो म्हणाला, “वहिनी, आता तुमी हळू बोलायला लागला. आधी आमालाच शिकवायच्या.”

एरवी तिने त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. आता ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. थोड्या वेळाने हसली, पण तोवर तो निघून गेला होता.

गोदामात केदारनाथने माझा हात धरला. “अण्णा, आवाज बसला. गळा भरून आला. पसरलं वो ते.”

माझ्याही मनात तेच आलं होतं. घोगरा आवाज, सूज, गळाठलेलं अंग, कॅन्सर परतला म्हणजे असंच होणार. मी म्हणालो, “सोलापूरला नेऊ.” नीलम्माकाकूंनी हात जोडले. “बाबा, एकदा लोखंड लावलं म्हनून तर चिडलं ते. आता परत नका लावू. पोरीचं लग्न डोळ्यानं बघू द्या तिला, मग जाऊ द्या.” साखरपुडा मार्गशीर्षात ठरला होता. आम्ही तीन शहाणी माणसं त्या गोदामात उभी होतो आणि आम्ही ठरवलं की तिला सुखाने मरू द्यायचं.

त्यानंतर दीड महिना केदारनाथ कुठे कुठे जाऊन आला. कुणी कळंबकडच्या एका माणसाचा झाडपाला सांगितला, कुणी माजलगावच्या पलीकडचा अंगारा. शिवकन्या सगळं घ्यायची. विचारायची फक्त, “हे कशाचं?” तो म्हणायचा, “ताकदीचं.” ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. लोकांच्या तोंडावरून खरं-खोटं ओळखणारी बाई, तिला हे कळत नव्हतं असं मी आता म्हणू शकत नाही. पण तिला तेव्हा दहापर्यंत मोजायलासुद्धा वेळ लागत होता. ईश्वरी सांगते, आई बसल्याजागी झोपायची. फोनची घंटा वाजत राहिली तरी उचलायची नाही.

१८ डिसेंबरला, सकाळी साडेआठला, ईश्वरीने दुकानातून माझ्या घरी फोन केला. “मोठे काका, आई उठंना. अंग गार पडलंय. आज्जीनं स्वामींना बोलावलंय.”

स्वामींना, म्हणजे आमच्या जंगम पुरोहितांना बोलावणं ह्याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळतो. मी जीप ठरवली. निघताना कपाटातली फाईल काखेत मारली. विचार करून नाही. शेवटच्या कामाला कागद लागतात, ह्या नोकरीतल्या सवयीने.

पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आत शिवकन्येवर तीन घोंगड्या होत्या, तरी हात थंडगार. जंगमांनी कपाळाला विभूती लावली होती. नाडी मी धरली, ती इतकी सावकाश चालत होती की मध्येच चुकल्यासारखी वाटायची. बाहेर आमचे एक नातेवाईक केदारनाथला हलक्या आवाजात विचारत होते, आपल्या रानात जागा कुठे बघायची. आमच्याकडे पुरतात.

मी वाकून हाक मारली, “शिवकन्या.” तिने बऱ्याच वेळाने डोळे किलकिले केले. “भावजी,” ती म्हणाली. मग पुन्हा बराच वेळ. “चहा घेतला का?”

मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, “बीडला नेतो हिला.”

नीलम्माकाकू आडव्या आल्या. “रस्त्यात गेली म्हंजी? घरात मरू दे की रे तिला!”

तोवर ईश्वरीने जीपमध्ये गादी टाकली होती. आजीकडे न बघता ती म्हणाली, “आज्जी, सरक.” त्या मुलीला मी तोपर्यंत मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

बीडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्याने पापण्या बघितल्या, गुडघ्यावर टिचकी मारली, गळ्यावरचा व्रण बघितला. “ऑपरेशन कसलं?” मी फाईल दिली. त्याने कार्ड वाचलं.

“गोळी चालू आहे ना?”

“कोणती?” केदारनाथने विचारलं.

डॉक्टरने आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. “कोणती म्हणजे? इथं लिहिलंय ना, जन्मभर.”

केदारनाथ माझ्याकडे वळला.

“साहेब, कॅन्सर पसरलाय तिचा,” केदारनाथ म्हणाला.

“कुणी सांगितलं पसरला? हरभऱ्याच्या दाण्याएवढा होता. जूनमध्ये काढला, विषय संपला. तसली गाठ कित्येकांच्या गळ्यात असते, मरेपर्यंत कळत नाही. ही बाई कॅन्सरनं मरत नाहीये. तुम्ही पाच महिने गोळी न देता मारत आणलीय तिला.” तो आत गेला, परत आला. “आता गोळी दिली तरी वाचेलच असं नाही. एकदम जास्त दिली तर हृदय थांबेल, कमी दिली तर पुरणार नाही. जवळची माणसं बोलावून घ्या.”

चार दिवस आम्ही त्या व्हरांड्यात होतो. केदारनाथ माझ्याशी बोलला नाही. मी चहा आणून ठेवायचो, तो गार व्हायचा. तिसऱ्या दिवशी तो एकदाच म्हणाला, “अण्णा, तुमी बीकॉम झालेला माणूस.” एवढंच. नीलम्माकाकू कोपऱ्यात लिंग हातात घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. नर्स बाहेर आली की आम्ही सगळेच उभे राहायचो आणि ती काही न सांगता पुढे जायची.

पाचव्या दिवशी तिने ईश्वरीला पाणी मागितलं. आठवड्याने ती उशीला टेकून बसली. सूज उतरायला अजून महिना लागायचा होता, पण डोळे तिचे होते. राउंडला आलेला तो डॉक्टर सरळ तिलाच म्हणाला, “बाई, कॅन्सर कधीच गेलाय. पण ही गोळी आता जन्मभर, पूजेच्या आधी. देव समजून घेईल.”

तो गेला. खोलीत आम्ही सगळे होतो.

“कॅन्सर म्हणाले का ते?” तिने विचारलं.

तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

“म्हंजी मी मरायलेय, हे समद्यांना ठावं होतं. मला सोडून.” ती सावकाश बोलत होती, पण आता ते दुखण्यामुळे नव्हतं. “मला वाटायचं, मी येडी व्हायलेय. दुकानात तुमी बोलत असायचा, मी आले की गप. मी म्हणायचे, शिवकन्ये, तुझं डोस्कंच फिरलंय, तुझी मानसं असली न्हाईत.”

“पोरीचं लग्न...” नीलम्माकाकू म्हणाल्या.

“आत्याबाई, पोरीला आई पायजे का सासर, हे तिला इचारलं का कुणी?” मग ती माझ्याकडे वळली. “भावजी, कागद हाय ना तुमच्याजवळ? वाचा. समदा वाचा.”

मी वाचला. इंग्रजी ओळ, मग मराठी अर्थ. गाठीचं माप, नाव, तारीख, गोळी, जन्मभर, तीन महिने. मी थांबलो की ती बोटाने खूण करायची, पुढे. वाचून झाल्यावर तिने हात पुढे केला. मी कार्ड दिलं. ते तिने घडी करून पोलक्यात ठेवलं.

संक्रांतीनंतर, दुकानात बसायला लागल्यावर, तिने पहिला फोन सोलापूरला लावला. साखरपुडा पुढे ढकलला होता, पण मोडला नव्हता. खोक्याचं दार उघडं, दुकानात पाच-सात माणसं. तिने मुलाच्या आईला सांगितलं, “मला कॅन्सर झालता. काढलाय. रोज गोळी खाते. तुमाला सांगायचं ऱ्हाऊन गेलतं.” पलीकडून बराच वेळ गोड बोलणं झालं. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. ईश्वरीचं लग्न पुढे दोन वर्षांनी लातूरला झालं.

ह्याला आता सात वर्षं होत आली. शिवकन्या गल्ल्यामागे बसते. मी गेलो की चहा येतो, बोलणं होतं, हसणंही होतं. दर सहा महिन्यांनी ती सोलापूरला तपासणीला जाते. ईश्वरी लातूरहून परस्पर तिकडे येते. केदारनाथ सोबत जातो म्हणाला तर ती म्हणते, “दुकान कोण बघंल?” कागद घरी येतात ते तिच्या पेटीत जातात. पेटीची किल्ली लिंगाच्या दोऱ्याला नसते, पण कुठे असते ते केदारनाथलाही माहीत नाही.

मागच्या महिन्यात ती तपासून आली. चेहरा थोडा उतरलेला वाटला. केदारनाथने मला बीडला फोन केला, मी रविवारी गेलो. ती तूरडाळ मोजून देत होती.

“काय म्हणाले डॉक्टर?” मी विचारलं.

तिने तराजू खाली ठेवला, गिऱ्हाइकाची पिशवी बांधून दिली.

“काय न्हाई. बरं हाय म्हणाले,” ती म्हणाली. “बसा, चहा टाकते.”

ती आत गेली. केदारनाथ आणि मी एकमेकांकडे बघत बसलो. खरं असेल. पण विचारायला आम्हाला दुसरं कुणी नाही. ईश्वरीला विचारलं होतं, तीही तेच म्हणाली आणि तिचा आवाज फोनवर होता. आम्हाला आवाजावरून काही कळत नाही.